नातीची वाकळ आणि हरवलेली सुई

त्या मंगळवारी दुपारी घरी, कवठे महांकाळला, सोप्यात बसून नातीच्या वाकळीचा शेवटचा टाका घातला... आणि बघतो तर दोनातली एक सुई गायब.

नात म्हणजे धाकट्या मुलाची पहिली पोर. सूनबाई रेश्मा बाळंतपणाला माहेरी मलकापूरला गेलेली, बारसंही तिथंच होतं. आमच्यात बाळाच्या अंगाखाली आधी घरातलंच जुनं, मऊ झालेलं कापड घालतात. त्याची वाकळ शिवायची आजीनं. पण आजीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, हौसाचा, उजवा हात प्लॅस्टरमध्ये... मग सुई माझ्याकडं आली.

वरनं तिचं लुगडं, आत माझा जुना पटका. मेंढरांमागं फिरताना फाटकंतुटकं मीच शिवायचो, त्यामुळं हाताला सवय होती. तरी हौसा शेजारी बसून म्हणायची, "आवं, टाका हाय का शेताचा बांध? लेकराला टोचंल की!"

मग टाके आणखी बारीक घेतले. डोळ्याला नीट दिसत नाही, म्हणून सकाळीच शेजारणीकडून दोन सुया ओवून घ्यायचो. एकीतला दोरा संपला की दुसरी.

आता ती दुसरी कुठं गेली? सोपा झाडला, धोतर झटकलं, टोपी उलटी करून बघितली... कुठंच नाही. सुई वाकळीत राहिली असणार. आणि तिच्यावर एवढंसं लेकरू निजणार...

हौसाला सांगितलं नाही. तिला आधीच हाताचं दुखणं, त्यात ही काळजी कशाला. गुपचूप वाकळ चाचपत राहिलो, गालावरनं फिरवून बघितली. काही लागलं नाही. पण एवढ्या थरांत बारीक सुई लागणार तरी कशी...

दुसऱ्या दिवशी हौसा शेजारी गेल्यावर ब्लेड घेतलं आणि टाके उसवायला बसलो. अर्धी वाकळ उसवली तोवर ती दारात.

"आवं! ह्ये काय मांडलंय? येड लागलं का?"

सांगावंच लागलं. ऐकून ती माझ्याजवळ येऊन बसली. मग डाव्या हातानं प्लॅस्टरच्या तोंडाचा कापूस बाजूला सारला आणि आतनं सुई काढून माझ्यापुढं धरली... दोऱ्यासकट.

आत लय खाजायचं, म्हणून सुईनं खाजवायची म्हणे. डॉक्टरांनी आत काही घालू नका म्हणून बजावलेलं, मीही रोज ओरडायचो. म्हणून लपवलेली.

"मला इचारायचं तरी!"

"तू काळजी करशील म्हणून नाही इचारलं."

"आन् मी बी त्येच्यासाठीच लपवली की. तुमाला कळलं असतं तर मला तवाच दवाखान्यात न्हेलं असतं."

खरं आहे... दुसऱ्या दिवशी नेलंच.

बारसं तोंडावर आलेलं. मग दोघं मिळून बसलो. तिनं डाव्या हातानं कापड ताणून धरायचं, मी टाका घालायचा. अर्धी वाकळ सरळ झाली, अर्धी जरा वाकडीच...

मलकापुरात पाळण्याजवळ दुकानातल्या गुलाबी दुपट्यांचा ढीग बघितला आणि पिशवी उघडायचा धीर होईना. रेश्मानंच विचारलं, "मामा, तुमी वाकळ शिवलीया म्हणं? आत्ती फोनवर सांगत हुत्या. कुठं हाय?"

काढून दिली. तिनं अंथरली, तर माझा तळवा परत वाकळीवरनं फिरायला लागला. दोन्ही सुया घरी डब्यात ठेवून आलो होतो, तरीसुद्धा...

रेश्मा हसली नाही. "बगा मामा, निवांत बगा," म्हणाली. माझं होईपर्यंत पोरीला घेऊन थांबली. मग वाकळ माझ्या मांडीवर टाकली आणि नातीला तिच्यावर ठेवलं. एवढं लहान लेकरू मी आजवर कधी घेतलंच नव्हतं. हातातनं निसटंल म्हणून भ्यायचो.

पोरीनं जांभई दिली आणि झोपली. मला मांडी हलवायचा धीर होईना. पाय बधिर झाला, पंगत उठली, तरी तसाच बसून.

शेवटी हौसा शिऱ्याची वाटी घेऊन आली. डाव्या हातात चमचा धरून माझ्या तोंडाशी नेला, सगळ्या पाहुण्यांदेखत. "आता तरी गप खावा. बोललासा तर लेकरू उठंल."

माझी शाळा चौथीतच सुटली, असं सुख नीट लिहायला जमत नाही. हौसा नि रेश्मा, दोघींचे आभार मानायचे होते, म्हणून एकेक अक्षर शोधत एवढं लिहिलं. चमचा तोंडाशी आला त्या वेळी लाज वाटली खरी... पण तोंड उघडलं.