धुण्याजोगे पाय

अख्ख्या वसई तालुक्यात माझ्या मामाइतके स्वच्छ पाय दुसऱ्या कुणाचे नव्हते. हे मी भाची म्हणून लाडाने सांगत नाहीये. शाळेत पोरांची नखं तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा या विषयातलं मला थोडंफार कळतं. फक्त एवढंच, की ही स्वच्छता वर्षातून एकच दिवस टिकायची. उरलेलं वर्ष मामाचे पाय हा वाडीचाच एक भाग होता. केळीच्या आळ्यात नाहीतर पानवेलीच्या चिखलात, नाहीच तर बावखलाच्या काठाशी, म्हणजे आमच्याकडच्या त्या गोड्या पाण्याच्या तळ्याशी, ते कायम रोवलेले असायचे. त्याने चप्पल घातल्याचं कुणी पाहिलं नाही. देवळात जाताना ती हातात असायची आणि येतानाही हातातच असायची. "चप्पल झिजते," म्हणायचा. पायाचं तसं नसतं, पाय वापरून वापरून जाड होतात, असं त्याचं शास्त्र होतं, आणि त्याच्या टाचा बघितल्या की त्या शास्त्राला नाही म्हणायची सोय नव्हती.

पण राखेचा बुधवार आला, फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला, की मामा कपाळ पुसायच्या आधी पाय घासायला बसायचा. उपवासकाळ सगळ्या गावाचा असतो. कुणी मटण सोडतं, कुणी विडी, कुणी टीव्हीवरची मालिका. लग्नं थांबतात, बँडवाले सुट्टीवर जातात, दर शुक्रवारी माणसं उन्हातान्हात क्रूसाची वाट चालतात. मामाही हे सगळं करायचा, पण त्याचं खरं लक्ष असायचं पवित्र गुरुवारच्या संध्याकाळवर. त्या संध्याकाळी फादर वेदीपुढे गुडघे टेकून गावातल्या बारा पुरुषांचे पाय धुतात, येशूने आपल्या शिष्यांचे धुतले होते तसे. बारा खुर्च्या ओळीत मांडतात. त्यातली पहिली खुर्ची मामाची. ती त्याला कधी आणि कशी मिळाली हे कुणालाच आठवत नव्हतं. मला कळायला लागल्यापासून तो तिथेच बसलेला होता, पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि खाली ते पाय! खालच्या फरशीपेक्षा जास्त चकाकायचे, देवाशपथ.

त्यासाठी चाळीस दिवस जे चालायचं ते बघायला आम्ही पोरं मुद्दाम मामाकडे राहायला जायचो. पहाटे घंगाळात कोमट पाणी, त्यात मीठ. मग वजरीने टाचा घासणं. मग कोकमाचं तेल, तेही वाटीत गरम करून, भेगांत बोटाने भरायचं. पवित्र आठवड्यात तर तो केळीला पाणी सोडायलाही मोजे घालून जायचा. चिखलात मोजे घालून चालणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. फादर खरं तर एकच पाय धुतात, उजवा. मामा दोन्ही तयार ठेवायचा. का, तर ऐनवेळी फादरांचा विचार बदलला तर? मामी ओटीवर भाजीच्या जुड्या बांधत हा सोहळा बघायची आणि म्हणायची, "नवरी पन एवढी नटत नाय रे." किंवा म्हणायची, "तुज्या टाचेला आता काजळ लाव, दृष्ट लागेल." मामा ढिम्म. मामी पहाटे डोक्यावर पाटी घेऊन पापडी गावच्या बाजाराला जायची, तीही अनवाणीच, आणि परत येऊन चुलीपाशी उभी राहायची. बाकी तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही आहे, असं तेव्हा आम्हाला कुणाला वाटलंच नाही.

स्वतःच्या पायांवर भागलं असतं तर तो मामा कसला? उरलेल्या अकरा जणांचीही काळजी त्यालाच. उपवासकाळात तो घरोघर जाऊन पायांची पाहणी करायचा. माणूस जेवायला बसलेला असला तरी म्हणायचा, "जरा तळवा वर कर." कुणाच्या टाचेला भेग, कुणाच्या अंगठ्याला कुरूप, कुणाचं नख आत वळलेलं, सगळं त्याला तोंडपाठ. रस्त्यात कुणी भेटलं की आधी खाली बघायचा आणि मग वर बघून ख्यालीखुशाली विचारायचा. एकदा म्हणे त्याने आरशात न बघता दाढी केली, कान कापला, आणि मामी ओरडल्यावर म्हणाला, "कान कोन बघतं गुरुवारी?"

बावखलापलीकडे एक निवृत्त पोस्टमन राहायचा. त्याला बारा जणांत बसायची फार इच्छा, पण खुर्ची रिकामी होईल तेव्हा ना! मामाचा त्याच्यावर राग. "जनमभर सरकारी बूट घालून हिंडला. बुटातल्या पायाला धुवायचं काय?" एका वर्षी मामाने उपवासकाळासाठी भांडण सोडलं. गाव खूश झालं. पण उपवासकाळात रविवार मोजत नाहीत हे मामाला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे आठवडाभराचं साचलेलं भांडण तो रविवारी मिस्सा झाल्यावर पोस्टमनच्या ओटीवर जाऊन एकदम भांडायचा. पोस्टमनची बायको चहा टाकूनच ठेवायची. दोघं तासभर तावातावाने भांडायचे, चहा प्यायचे, आणि सोमवारपासून मामा पुन्हा संत.

आमचे जुने फादर मिश्कील होते. पवित्र गुरुवारी पाण्याचं भांडं घेऊन मामापुढे वाकले की हळूच विचारायचे, "मामा, यात धुवायचं काय?" गावच त्याला मामा म्हणायचं, फादरसुद्धा. पुढे हे फादर बदलून गेले आणि तरुण फादर आले, पण पहिल्याच वर्षी त्यांनीही तेच विचारलं. मामाला ही शाबासकी वाटायची. घरी येऊन मामीला सांगायचा, "आजपन विचारलं." मामी म्हणायची, "बरोबर विचारलं."

पुढच्या वर्षी मात्र नव्या फादरांनी एक नियम केला. कुणी उगाच गैरहजर राहू नये म्हणून त्यांनी जाहीर केलं, की त्या संध्याकाळी जो येणार नाही त्याची खुर्ची दुसऱ्याला मिळेल, आणि ती पुढेही त्याच दुसऱ्याकडे राहील. मामाने मान डोलावली. न येण्याचा प्रश्नच कुठे होता? पण त्याच वर्षी, राखेचा बुधवार होऊन आठवडा होतो न होतो तोच, मामी बावखलाच्या पायरीवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली, आणि डॉक्टरांनी तिला दीड महिना पलंगावर झोपवून ठेवलं. मामा-मामीचा मुलगा आखातात नोकरीला, तेव्हा माझी आई मामीपाशी येऊन राहिली. अंग पुसणं, कपडे बदलणं आई करायची. त्या वेळी मामाला खोलीत शिरायची बंदी असायची. तो पेज शिजवायचा, उशाशी बसून पंख्याने वारा घालायचा आणि बाजारातल्या बातम्या सांगायचा. पाय घासणं मात्र एक दिवस चुकलं नाही. मामीच चुकू देत नव्हती. पलंगावरून ओरडायची, "तेल लावलंस काय? तो टपालवाला टपून बसलाय!"

गुरुवारी आईला देवळात गाणाऱ्या बायकांबरोबर बसायचं होतं, म्हणून मामीपाशी थांबायला मी तुळिंजहून दुपारीच आले. मामाचे कपडे कडक इस्त्रीचे, केस तेल लावून चापून बसवलेले, पाय आरशासारखे. "कसे दिसतायत?" त्याने मला विचारलं. पाय, अर्थात. मी म्हटलं, "मामा, आज फादर काळा चष्मा लावून येणार." तो खूश झाला. मी पेज आणायला आत गेले. तेवढ्यात मामी म्हणाली, "पायाला मुंगी चावते रे, बघ जरा." मी वाडगा घेऊन बाहेर आले तर मामा पलंगाच्या पायथ्याशी चादरीचं टोक हातात धरून उभा. मुंगी कधीच निघून गेली असावी. तो मामीच्या तळव्यांकडे बघत होता. मीही पाहिलं. टाचा चारी बाजूंनी फाटलेल्या, भेगांत इतक्या वर्षांची माती काळी होऊन बसलेली. एका अंगठ्याचं नख नव्हतंच. गावातल्या साऱ्या पुरुषांचे तळवे पाठ असलेल्या माझ्या मामाने हे दोन कधी पाहिलेच नव्हते.

"हे कधी झालं?" त्याने विचारलं.

"काय?"

"हे."

"पाय हायेत ते," मामी म्हणाली. "तुला आजच दिसले? जा आता, उशीर होतो."

मामाने चादर नीट खोचली, चपला हातात घेतल्या आणि गेला. देऊळ हाकेच्या अंतरावर. मी मामीला पेज भरवायला बसले. थोड्या वेळाने घंटा सुरू झाल्या. त्या संध्याकाळी गौरवगीताच्या वेळी सगळ्या घंटा वाजतात आणि मग ईस्टरपर्यंत त्या गप्पच असतात. मामी डोळे मिटून ऐकत होती. "आता बसला असेल खुर्चीत," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं काही कौतुक होतं, की मला वाटलं ही बाई जन्मभर उगाच टोमणे मारत होती. घंटा थांबल्या. आणि ओटीवर पावलं वाजली.

मामा दारात उभा. चपला हातात, आणि ते चकचकीत पाय धुळीने भरलेले.

"काय रे, काय विसरलास?" मामी घाबरून म्हणाली.

"बसवून आलो त्याला."

"कुनाला?"

"टपालवाल्याला. पहिल्या खुर्चीत."

"येडा की खुळा तू! पुढच्या वर्षी परत देईल काय तो?"

"नाय देनार," मामा म्हणाला. बाह्या वर करत तो न्हाणीकडे गेला आणि घंगाळ घेऊन आला. "फादर दर वर्षी विचारतात, यात धुवायचं काय. बरोबर विचारतात. माज्या पायाला धुवायला कायपन नाय. धुन्याजोगे पाय इथं पडलेत."

मामी खूप रागावली. माझ्यापुढे लाजली, चादर ओढून घ्यायला लागली, पण खुब्यामुळे तिला हलता येईना. मामाने गुडघे टेकले आणि पाणी ओतलं. "पानी गार हाय," मामी किंचाळली. तो उठला, पाणी तापवून आणलं. "आता कढत हाय." पुन्हा उठला, विसण घातलं. मग मात्र ती गप्प झाली. वजरी, मीठ, कोकमाचं तेल, सगळं चाळीस दिवसांचं ज्ञान त्याने त्या एका संध्याकाळी वापरलं. कुठे जोर लावायचा, कुठे नुसतं बोट फिरवायचं, त्याला बरोबर ठाऊक होतं. दोन्ही पाय धुतले. पुसले. आणि फादर करतात तसा ओठ टेकवायला खाली वाकला, तर मामी म्हणाली, "पुरे! पोर बघते." मी वाडगा उचलून स्वयंपाकघरात पळाले आणि चुलीपाशी उभी राहून मनसोक्त रडले. एवढं रडू मला लग्नात सासरी निघतानाही आलं नव्हतं.

खुर्ची गेली ती गेलीच. पुढे दर उपवासकाळात मामा स्वतः पोस्टमनचे पाय तयार करायला जायचा. "बुटातलेच शेवटी," असं म्हणत म्हणत घासायचा. त्याचे स्वतःचे पाय मात्र परत चिखलाचे झाले. मामी काठी घेऊन चालायला लागली, आणि दर पवित्र गुरुवारी गावात घंटा वाजल्या की तिच्या घरी घंगाळ निघायचं. पाण्यावरून तेवढं भांडण व्हायचं. गार तरी असायचं नाहीतर कढत तरी. बरोबर पाणी त्या घरात कधी निघालंच नाही.

मामी गेली त्याच्या पुढच्या वर्षी पोस्टमन आपण होऊन मामाकडे आला. "तू बस रे आता. तुझीच खुर्ची ती," म्हणाला. मामाने त्याला चहा पाजला, तळवा वर करायला लावला, आणि खुर्चीला नाही म्हणाला. मला हे आईकडून कळलं. त्या गुरुवारी तो एकटा राहू नये म्हणून मी लवकर गेले, तर घराला कडी. शोधत शोधत देवळामागच्या दफनभूमीत गेले. मामीच्या कबरीपाशी तो उकिडवा बसला होता, हातात वजरी. कबरीची पांढरी लादी तो घासत होता, पण सगळी नाही, क्रूसाच्या समोरचं टोक तेवढं, जिथे तिचे पाय येतात तिथलं. शेजारी एक थर्मास होता, मामीच्या आजारपणात हॉस्पिटलसाठी घेतलेला.

देवळात घंटा वाजायला लागल्या. मी उगाच म्हटलं, "मामा, घरून कशाला पाणी आणलंस? इथे नळ आहे की."

त्याने थर्मासचं झाकण उघडलं, करंगळी बुडवून बघितली, आणि लादीवर सावकाश धार धरली.

"नळाचं पानी गार असतं गं," तो म्हणाला. "तिला चालत नाय."