गोजरबाईचं पांढरं टोपडं

गोजरबाईला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर तिची विणायची तऱ्हा कळायची नाही. हिंगोलीत तेव्हा क्रोशाचं आणि दोन सुयांचं काम जाणणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांतली सगळ्यांत सुबक वीण ज्या बाईची, तिला एकवीस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

ती प्रार्थनेने मोजायची. मिशनच्या मडमेने तिला रोजची एक प्रार्थना तोंडपाठ करून दिली होती आणि हाताला सवयही तीच लावून दिली होती. एक शब्द, एक टाका. टाळूवरची चकती झाली की टोपड्याची प्रत्येक फेरी एका प्रार्थनेची. 'आमेन' म्हटलं की फेरी पुरी. बाळाचं डोकं मोठं असलं तर शेवटी दोनचार शब्द पदरचे घालायचे, बहुतेक वेळा त्या बाळाचं आणि त्याच्या आईबापाचं नाव. मी तिला विचारलं होतं, "मोठ्या डोक्याच्या पोरासाठी जास्त प्रार्थना का गं मावशी?" ती म्हणाली होती, "मोठ्या डोक्याला जास्तच लागती. तुझं टोपडं इनलं असतं तर दोनदा म्हनावी लागली असती." अशी होती गोजरबाई. देवाधर्माचं बोलताना इतर माणसं चेहरा लांब करतात, तिचा तर त्याच वेळी खुलायचा.

तिचा जन्म सेनगावकडच्या एका मेंढ्या राखणाऱ्या घरातला. लोकर तिच्या हाताला पाळण्यापासून ठाऊक. विसाव्या वर्षी नवरा गेला, कडेवर संतराम, आणि अंगात असा ताप की सासरच्यांनी गाडीत घालून रेल्वेपलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात नेऊन सोडलं ते परत फिरकले नाहीत. हे चोवीस सालचं. तिथे ती जगली, तिथेच राहिली, फरशा पुसल्या, सुया हातात धरल्या आणि वर्षभराने मायलेकरांनी बाप्तिस्मा घेतला. बातमी कळल्यावर भावाने तिच्या नावाने आंघोळ केली. ती म्हणायची, "बरं झालं, तेवढ्या निमित्तानं तरी न्हाला." पण हे म्हणून झालं की ती विणलेली फेरी उसवायची आणि पुन्हा विणायला घ्यायची.

पुढे संतराम हिंगोली स्टेशनात खलाशी, म्हणजे रेल्वेचा मजूर, म्हणून लागला आणि ती रिसाला मोहल्ल्यात आमच्या घराला लागून राहायला आली. भिंत एकच. मी अकरा वर्षांची असल्यापासून तिच्या ओसरीवर क्रोशाची सुई घेऊन बसायचे. माझी आई सुभद्राबाई सुरुवातीला तिच्या घरचं पाणी पीत नसे. नंतर चहा प्यायला लागली, कारण म्हणे चहात पाणी उकळलेलं असतं. गोजरबाई हसून दोन कप ठेवायची.

गावात किरिस्तावांची सहासात घरं. पादरी वर्षातून दोनदा पूर्णा जंक्शनहून गाडीने यायचे, नाताळच्या सुमारास आणि उन्हाळ्याच्या तोंडी. ते आले की सहा महिन्यांत जन्मलेल्या सगळ्या लेकरांचा बाप्तिस्मा. प्रत्येक लेकराला गोजरबाईचं पांढरं टोपडं. इतर वेळी ती बेगमांसाठी, पाटलीणबाईंसाठी रंगीत लोकरीचं सगळं विणायची, पण पांढरं टोपडं विकायचं नाही आणि पाण्याआधी डोक्याला लावायचं नाही, हा तिचा कडक नेम. पादरीसाहेबांनी डोक्यावर पाणी घातलं, नाव पुकारलं, की त्या ओल्या डोक्यावर टोपडं चढायचं. नावही त्याच वेळी. तोवर लेकरू नुसतं बाळ.

संतरामच्या बायकोच्या, आशाबाईच्या, दोन खेपा वाया गेल्या होत्या. तिसऱ्या खेपेला, अठ्ठेचाळीस सालच्या जानेवारीत, मुलगा झाला. पादरीसाहेब नेमके महिन्यापूर्वी येऊन गेलेले. आता एप्रिलपर्यंत थांबायचं. गोजरबाईने आठवड्याच्या आत टोपडं विणून पेटीत ठेवलं आणि तिला इतका आनंद झाला होता की माझ्या आईने केलेले डिंकाचे लाडू आशाबाईऐवजी निम्मे तिनेच खाल्ले.

माझ्या आईला मात्र चैन पडेना. बारा दिवस होऊन गेले, महिना होऊन गेला, पोराला नाव नाही! "गोजरबाई, लेकराला हाक तरी काय मारावी मानसानं? कानात मी सांगते येखादं चांगलं नाव."

"नगं नगं, सुभद्राबाई. नाव पान्यासंगं पडतंय. आदी ठिवलं तर ते कच्चं."

आई घरी येऊन बडबडली आणि परस्पर त्याला 'राजा' म्हणायला लागली.

एप्रिल आला, पादरीसाहेब आले नाहीत. त्या वर्षी आमच्याकडे काय चाललं होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. रझाकारांची दहशत, हद्दीवरच्या गावांत जाळपोळ, माणसं रातोरात वऱ्हाडात पळून चाललेली. पादरीसाहेबांचं कार्ड आलं की वाट सुरक्षित नाही, जूनमध्ये येतो. संतरामने ते वाचून दाखवलं. गोजरबाईने पेटीतून टोपडं काढलं, बाळाच्या डोक्याजवळ धरून पाहिलं. लहान झालं होतं. तिने ते उसवलं आणि मोठं विणायला घेतलं.

लोकर पुरेना. निजामाच्या राज्याची नाकेबंदी झालेली. जिथे औषधं आणि रॉकेल मिळेना तिथे पांढरी लोकर कोण आणतो? गोजरबाईने स्वतःच्या बाप्तिस्म्याला मडमेने दिलेली शाल काढली आणि तिचा एक काठ उसवला. मी म्हटलं, "मावशी, ही तरी राहू दे." ती म्हणाली, "माझ्या अंगावर देवानं हात फिरवून झालाय. आता त्येची बारी." फेरीच्या शेवटी वाढीव टाक्यांसाठी नाव लागायचं, ते तर नव्हतं. म्हणून ती म्हणायची, 'हे आमचं बाळ, हे आमचं बाळ.'

जूनमध्ये पादरीसाहेब आले नाहीत. टोपडं दुसऱ्यांदा उसवलं. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा. शालीचा आता रुमाल उरला होता. बाळ सात महिन्यांचं झालं, बसायला लागलं, माझ्या लोकरीच्या गुंड्यामागे रांगू पाहायला लागलं. दर शनिवारी गोजरबाई त्याला कडेवर घेऊन स्टेशनात जायची आणि गाडीतून उतरणारी माणसं शेवटपर्यंत पाहत उभी राहायची. मी एकदा तिच्याबरोबर होते. डबे रिकामे झाल्यावरही ती हलेना, तेव्हा मी चिडून म्हटलं, "एवढी काय घाई आहे? मोठं झाल्यावर होईल की बाप्तिस्मा."

ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत मी तोवर भीती पाहिली नव्हती. म्हणाली, "दोन लेकरं अशीच गेली गं आशीची. त्येंन्ला तर तोंडबी दिसलं न्हाई जगाचं. ह्येला काई झालं अन् वर देवाघरी नावं पुकारली, तर ह्येचं नाव कोन घेईल? मडमबाई म्हनल्या व्हत्या, पान्यानं मानूस देवाचं व्हतंय. ह्यो अजून कुनाचाच न्हाई."

मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटलं. आजही मला तिचा देव नाव नसलेल्या पोराला दारातून परत पाठवील असं वाटत नाही. पण माझ्या वाटण्याला काय अर्थ? भीती तिची होती, आणि ती घेऊन ती रोज झोपत होती.

सप्टेंबर लागला आणि बाळाला ताप आला. पहिल्या दिवशी दात येत असतील म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते दूध ओढेना. मडम विलायतेला गेल्यापासून मिशनचा दवाखाना बंद होता, औषध गावात नव्हतं. जे होतं ते कंपाउंडरने दिलं आणि म्हणाला, पुढचं अल्लाच्या हातात. संतरामने तारबाबूच्या हातापाया पडून पादरीसाहेबांना तार करवली, पण तार पोचली की नाही कुणास ठाऊक. गाडी एक दिवस आली, दुसऱ्या दिवशी आलीच नाही. गोजरबाई उशाशी बसून होती. ओठ सारखे हलत होते. सुया शेजारी पडलेल्या.

"गोजरबाई," माझी आई म्हणाली, "आपन नाव ठेवू. काहून थांबायचं आता?"

"पादरीसाहेबाचं काम हाय ते. म्या कोन? फरशी पुसनारी बाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला बाळ गेलं. त्यानंतर आठवडाभरात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य संपलं, लोक रस्त्यावर पेढे वाटत फिरले. आमच्या भिंतीपलीकडे चूल पेटली नव्हती.

पण त्या आधीचं एक सांगायला हवं, सांगताना अजून जीभ अडखळते. बाळाला न्यायची तयारी झाली तेव्हा आशाबाईने पेटी उघडून टोपडं काढलं. रडून तिचा आवाज बसला होता. ती त्याच्या डोक्याला ते लावायला वाकली आणि गोजरबाईने तिचा हात धरला.

"घालू द्या की, आत्याबाई. त्येच्यासाठीच तर इनलंय."

"न्हाई, आशे. पानी पडलं न्हाई त्येच्यावर. खोटं व्हईल. देवाम्होरं खोटं सोंग घिऊन पाठवू का लेकराला?"

"थंडी वाजंल त्येला!"

आशाबाई असं ओरडली आणि आम्ही सगळ्या रडायला लागलो. गोजरबाई रडली नाही. तिने टोपडं आशाबाईच्या मुठीतून एकेक बोट सोडवून काढून घेतलं. स्टेशनापलीकडे किरिस्तावांच्या चारपाच कबरी होत्या, तिथे संतरामने बाळाला उघड्या डोक्याने ठेवलं. मला त्या दिवशी गोजरबाईचा इतका संताप आला की मी दहा दिवस तिच्या ओसरीवर गेले नाही. सोळा वर्षांची होते. दुसऱ्याचं दुःख आपल्याला हवं तसं नसलं की राग येण्याचंच वय ते.

आशाबाईने सासूशी बोलणं टाकलं. एका घरात दोघी, आणि ताट पुढे सरकवतानासुद्धा शब्द नाही. मी शेवटी गेले तेव्हा गोजरबाई कुणाची तरी निळी लोकर घेऊन बसली होती. प्रार्थना सुरू करायची, मध्यापर्यंत यायची आणि अडायची. पुढचा शब्दच आठवेना. पुन्हा पहिल्यापासून. बेगमांची, पाटलीणबाईंची लोकर तिने परत करून टाकली.

दिवाळीनंतर पादरीसाहेब आले. वाळले होते, बरोबर एक पिशवी आणि नोंदवही. आमची भिंत एकच, त्यात मी तेव्हा तिच्याच ओसरीवर होते, म्हणून सगळं मी कानांनी ऐकलं. संतरामने खाली मान घालून सांगितलं. पादरीसाहेबांनी डोळे पुसले. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "चला, कबरीपाशी प्रार्थना करू. बाळाचं नाव काय होतं?"

संतरामने आईकडे पाहिलं.

"नाव तुमी ठिवनार व्हता," गोजरबाई म्हणाली.

पादरीसाहेबांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं. "म्हणजे बाप्तिस्मा झालाच नाही? अहो बाई, माझी वाट कशाला बघितलीत? लेकराच्या जिवावर बेतलं असताना कुणीही देऊ शकतं. तुम्ही, संतराम, आशाबाई, कुणीही विश्वासणारा. डोक्यावर पाणी लावायचं, नाव घ्यायचं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा एवढं म्हणायचं. मंडळीत ते खरंच धरतात."

त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. ते समजावून सांगत होते, सहज, शाळेत सांगतात तसं. इतकी वर्षं हा माणूस वर्षातून दोनदा या ओसरीवर येत होता, चहा पीत होता, टोपड्यांचं कौतुक करत होता, आणि ही गोष्ट सांगायचं त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याला वाटलं असणार, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं.

गोजरबाई बसल्या जागी पांढरी पडली. आत दाराआडून आशाबाई बाहेर आली. मला वाटलं, आता ही सासूला बोलणार, आणि बोलायचा तिला हक्क होता. ती गोजरबाईच्या शेजारी जमिनीवर बसली.

"आत्याबाईला काई म्हनू नका, पादरीसाहेब," ती म्हणाली. "त्येंन्ला कुनी सांगितलं व्हतं?"

दोन महिन्यांत सासूसाठी निघालेला तिचा तो पहिला शब्द. गोजरबाईने तो ऐकला की नाही, मला सांगता यायचं नाही. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

"आता दिलं तर चालंल का?" तिने विचारलं.

पादरीसाहेबांनी फार हळू मान हलवली. "गेलेल्याला देत नाहीत, बाई."

"तीन दिवस," गोजरबाई म्हणाली. "तीन दिवस म्या त्येच्या कपाळावर पान्याचीच पट्टी ठिवत व्हते, पादरीसाहेब. पिळून पिळून. त्येच्या डोळ्यात उतरायचं पानी, कानात जायचं. अन् तोंडानं प्रार्थना करून ऱ्हायले व्हते. नुस्तं त्येचं नाव तेवढं घेतलं न्हाई."