आमच्या भाडेकरूचा डावा गुडघा

दोन पायांवर तीन तऱ्हांनी चालणारा माणूस अख्ख्या अहिल्यानगर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो केडगावात आमच्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. बाळांनो, व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे दोरीवर लांबच लांब मोजे वाळत घालताना दिसतो तो हाच. मूळचा पाथर्डीकडचा, एमआयडीसीत नोकरीला आणि शहरातल्या एका फुटबॉल संघाचा बचावपटू. गेल्या हंगामाच्या अखेरीस त्याच्या डाव्या गुडघ्यातला लिगामेंट फाटला, ऑपरेशन झालं, आणि आता नवा हंगाम तोंडावर आला तरी तो गुडघा बरा आहे की नाही, हे या घरात कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, फोटोत सगळं छान दिसतंय, आता तुम्हाला कसं वाटतं त्यावर ठरवा. त्याला कसं वाटतं ते तो मला विचारतो.

गुडघ्याला तो 'अहो' म्हणतो. सकाळी जिन्याचा कठडा धरून, एका पायावर उभा राहून दात घासत असतो. मी विचारते, "काय म्हणतोय गुडघा?" तर तोंडातला फेस सांभाळत म्हणतो, "आज गप हायेत, काकू. काल लई बोलत हुते." फिजिओथेरपिस्ट बाईंनी बर्फ लावायला सांगितला आहे, त्याच्या आईने गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकायला. हा दोन्ही एकदम करतो, वरून बर्फ आणि खालून मीठ. असं का, म्हटलं तर म्हणाला, "दोघींचाबी मान राखाया पायजे ना." माझ्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी त्याच्या बर्फाची पिशवी असते. मी तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, नाहीतर एकदा ती उसळीसाठी भिजत पडली होती.

आता चालण्याचं सांगते. त्याचे प्रशिक्षक, ज्यांना तो नुसतं 'सर' म्हणतो, ते समोर आले की हा सैनिकासारखा ताठ चालतो, कारण तिशी उलटली आहे आणि त्याच्या जागेवर तरणी पोरं टपून बसली आहेत. आई गावाहून आली की तोच पाय फरफटतो. तिने ठरवून टाकलं आहे, की हा बरा झाला की लगेच मुलगी बघायला जायचं. त्यामुळे तिच्यापुढे बरं होणं त्याला परवडत नाही. एरवी, म्हणजे माझ्यासमोर, तो या दोहोंच्या मधलं काहीतरी चालतो.

मागच्या रविवारी व्हायचं ते झालं. आई एसटीने आली आणि पाठोपाठ सरांची स्कूटर फाटकात थांबली. दोघं अंगणात खुर्च्यांवर बसली, मी चहा ठेवला आणि त्याला हाक मारली. तो जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आला, खाली पाहिलं आणि थिजला. एकदा आईकडे बघे, एकदा सरांकडे. मग शांतपणे खाली बसला आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी घसरत खाली आला.

"हा वॉर्म-अपचा नवीन प्रकार आहे का?" सरांनी विचारलं.

"आता उभंबी ऱ्हाता येईना व्हय रं तुला?" आई म्हणाली. "अन् मी बुधवारी पाव्हन्यांना येतो म्हनून सांगून बसले. ताई, तुमी तरी बोलायचं हुतं."

मी तिच्या हातात चहाचा कप दिला. सरांनी चहा संपवला आणि जाता जाता म्हणाले, "उद्या यादी द्यायची आहे. खेळणार की नाही, एवढंच सांग. तुझ्यासाठी मी भांडेन, पण पाय तुझा आहे."

संध्याकाळी आई देवळात गेल्यावर तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. चेहरा अगदी हरवल्यासारखा. "काकू, खरं सांगा, मी लंगडतो का? लोकांपुढं इतक्या परीनं चाललोय, की आता माझं मलाच कळंना."

मला पाहून तो पुन्हा तिसऱ्या तऱ्हेने चालणार, हे माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "मी पाठ करून उभी राहते. तू तुझ्या तंद्रीत चाल." मी तुळशीकडे तोंड करून उभी राहिले. अंगणातल्या फरशीवर त्याच्या चपला वाजू लागल्या. आधी जपून, मग जरा विसरून. एक पाऊल भक्कम पडे. दुसरं जेमतेम टेकून उचललं जाई, तापलेल्या वाळूवर पडावं तसं.

"डावा अजून घाबरतोय रे," मी म्हटलं.

चपलांचा आवाज थांबला आणि तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "मला वाटलंच हुतं. पन वाटणं येगळं अन् कुणी सांगणं येगळं."

सरांना त्याने स्वतःच फोन केला. सुरुवातीचे सामने बाहेर बस, मग बघू, असं ते म्हणाले. 'मग' म्हणजे केव्हा, ते त्याने विचारलं नाही. आईलाही खरं काय ते सांगितलं. तिने त्याचा पाय मांडीवर घेऊन तेल लावलं आणि बुधवारचा विषय काढला नाही.

पहिला सामना परवा आहे. आज तो माझी इस्त्री मागायला आला. मी जर्सीकडे पाहिलं, तेव्हा म्हणाला, "बाहेर बसायचं असलं तरी घालावी लागती, काकू." मग दारात घुटमळला. "तुमी याल का? माझ्या शेजारची खुर्ची मोकळीच असंल."

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण जाईन म्हणते. छत्री घेईन बरोबर, उन्हात दोघांना पुरेल.