विटकरीनं घासलेला देव

दादाचा फोन आला तेव्हा मी शिकवायला शाळेत निघण्याच्या गडबडीत होते. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या जिन्यात उभी राहून फोन घेतला. दादा एवढंच म्हणाला, "आत्ती गेली. देव घासत बसलीती, तशीच कलंडली." गडहिंग्लजच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली, खिडकीसुद्धा मिळाली, पण बाहेर काय दिसलं ते आठवत नाही. आठवतं ते घरी पोचल्यावर दिसलेलं ताट. त्यात आमचे देव होते. अर्धे लखलखीत, अर्धे काळपट, आणि वाटीत चिंचेचा कोळ. सुतकात घरातल्या कुणी देवाला हात लावायचा नाही, म्हणून शेजारच्या काकूंनी ते ताट तसंच उचलून देवघरात सरकवलं. सुतक फिटेपर्यंत आमचे देव अर्धेच स्वच्छ राहिले... तेव्हापासून मला जी अस्वस्थता लागली आहे, ती अजून गेलेली नाही. लिहून काढलं तर जरा बरं वाटेल, असं वाटतं.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती माहेरी परत आली आणि शेवटपर्यंत आमच्याच घरात राहिली. का परतली, हे आमच्या घरात कुणी बोलत नसे. म्हशी, शेणी थापणं, रानातली भांगलण, आम्हा भावंडांची आजारपणं, सगळं तिच्या अंगावर होतं. आमच्या घराण्यात मी पहिली पदवीधर, आणि ती आत्तीमुळे. दहावीनंतर आबा म्हणाले होते, बास आता. आत्ती चुलीसमोरून न उठता म्हणाली, "बास का? म्हशीला ईस वर्सं चारा घालतोस तवा बास म्हणत न्हाईस."

दर अमावास्येच्या आदल्या दिवशी ती पायरीवर देव घेऊन बसायची. आमचे देव म्हणजे टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशानं उठवलेली देवांची चित्रं, तळहातात मावतील एवढी. घोड्यावरचा खंडोबा, घोड्यावरचाच ज्योतिबा, अंबाबाई, बिरदेव. घासता घासता ती त्यांच्याशी बोलायची, बोलायची म्हणजे बहुधा भांडायचीच. "तुला काय, तू घोड्यावर. मला चालत रानात जायचंय." सगळ्यांत शेवटी ती एक टाक घ्यायची, ज्याच्यावर काहीच उरलेलं नव्हतं. नाक नाही, डोळे नाहीत, घोडा होता की सिंह तेही कळत नव्हतं. बाकीच्या देवांना चिंच आणि राख. त्या एकाला मात्र चिंचेबरोबर विटकरीची भुकटी. लहानपणी मला वाटायचं, हा तिचा लाडका देव आहे, म्हणून त्याला खास काहीतरी.

त्या टाकाला ती रोज वेगळ्या नावानं हाक मारायची. रविवारी तो ज्योतिबा, मंगळवारी यल्लमा, शुक्रवारी अंबाबाई. माझी परीक्षा असली की गणपती. एकदा शाळेत 'आमचे कुलदैवत' हा निबंध लिहायचा होता. मी तिला विचारलं, हा नक्की कोण? ती म्हणाली, "तुला आबा मंगी म्हणतोय, मास्तर मंगल म्हणतोय, मी टवळे म्हणतो. तू किती हायस?" मी म्हटलं, एकच. "मग त्येला कशाला मोजतीस?" पुढं कॉलेजात आमच्या सरांनी हेच फार चांगल्या शब्दांत शिकवलं. तत्त्व एक, रूपं अनेक, नावं अनेक, भक्त ज्या नावानं हाक मारेल त्या नावानं तो ओ देतो. मी ते उत्तर मन लावून लिहिलं आणि मला चांगले गुण मिळाले. सरांचे उपकार मी मानते, आत्तीचे तर आहेतच. पण ते उत्तर कुठं अपुरं पडतं, हे मला आत्ता, ती गेल्यावर कळलं.

मला वसतिगृहात सोडायला तीच कोल्हापूरला आली होती. नवं लुगडं, पायांत आबांच्या चपला. वसतिगृहाच्या बाईंनी पालकांचं नाव विचारलं तेव्हा ती ताठ उभी राहून म्हणाली, "सुलोचना." मी चमकले. गावात तिला सगळे धोंडूबाई म्हणत. बाहेर आल्यावर मी विचारलं, सुलोचना कोण गं? तिनं पिशवीतून मला लाडूचा डबा दिला आणि म्हणाली, "हाय एक. तुझ्यासाठी आलती तेवढ्यापुरती." नंतर कळलं, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून तिला दिलेलं ते नाव होतं. माहेरी परतल्यावर त्या नावानं तिला कुणी हाक मारली नाही. माझ्या लग्नात तांदळाचं ताट आलं तेव्हा ती गर्दीतून पुढं झाली आणि माझ्या सासूबाईंना म्हणाली, "पावणं, हिचं नाव ऱ्हाऊ द्या. डिग्रीवर त्येच हाय." सासूबाई हसल्या आणि ताट बाजूला गेलं. मी आजही मंगलच आहे.

आत्ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी दादाच्या नव्या घराची वास्तुशांत ठरली. झिजलेले टाक नव्या देवघरात नकोत, कोल्हापूरच्या सराफ बाजारातून, गुजरीतून नवे करून आण, म्हणून त्यानं ते फडक्यात बांधून माझ्याकडं दिले. गुजरीतल्या कारागिरानं एकेक टाक फडक्यातून काढला, ओळखला, बाजूला केला. शेवटच्यापाशी त्याचा हात थांबला.

"ह्यो कोण, ताई? ठसा कुठला मारू?"

तत्त्व एक आहे, हे त्याला सांगून काय उपयोग? त्याच्याकडं ठसे होते आणि त्यातला एकच उचलायचा होता. मी दादाला फोन लावला. "ज्योतिबा की, आणि कोण?" मागून वहिनीचा आवाज आला, "ओ, ती यल्लमा हाय, मंगळवारी आत्ती म्हणायच्या न्हवं." कारागीर म्हणाला, "घरात जाऊन एकदा ठरवा. देव हाय, घाई न्हाय. पण वास्तुशांतीच्या आधी सांगा." बाकीचे टाक त्याच्याकडं ठेवून तो एक मी पर्समध्ये टाकला आणि अंबाबाईच्या देवळात जाऊन बसले. तिथं नेहमी मन निवतं. त्या दिवशी निवलं नाही.

रविवारी गावी गेले. आबा ओसरीवर होते. टाक त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी तो पाहिलाच नाही, नुसता अंगठ्यानं चाचपला.

"ह्यो आपला न्हवं," ते म्हणाले. "आक्का सासरहून आली तवा पदराच्या गाठीत बांधून आणलेला. बिद्रीकडं तिचं सासर. त्यांच्या घरचा देव ह्यो."

"मग आजीनं ठेवू दिला?"

"कुठलं? आई म्हणली, दुसऱ्याच्या घरचा देव आपल्यात न्हाय चालायचा, परत धाड. आक्का म्हणली, बघतो. मग रोज घासाय लागली. पाऊस सरंपतोर त्येच्यावर कायबी उरलं न्हवतं. मग आईला म्हणली, ह्यो ज्योतिबा हाय, बसू दे. आईनं हातात घेऊन बघितला... आन् ठेवला."

"पण तिनं तो आणला कशाला?"

"कुणी इचारलं न्हाय."

मला विटकरीची भुकटी आठवली. देवाचा चेहरा तिनं स्वतः घालवला होता, त्याला आमच्या घरात राहता यावं म्हणून. एक ओळख गेली आणि मग बाकी सगळी नावं त्याला बसू लागली. मी जिला भक्ती समजत होते ती भक्तीच होती का? की तो लपवालपवीचा उपाय होता, आणि पुढं सवयीनं भक्ती झाली? सासरी सकाळची पूजा करताना या देवाशी तिची काय बोलणी झाली असतील? ज्या घरानं तिला ठेवलं नाही, त्याच घरचा देव तिनं का उचलला? तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तुला उद्योग न्हाईत व्हय. पण विचारायला हवं होतं, असं आता रोज वाटतं.

दादाला सांगितलं. तो तडक म्हणाला, "मग सरळ हाय. त्यांचा देव त्यांच्याकडं दे, न्हायतर नदीत सोड. बिनतोंडाचा देव कुणी पुजतं व्हय?" त्याचं चुकलं नव्हतं. पण नदीवर जाऊन मी तशीच परत आले. त्या घरानं तिचं पुढं काय झालं हे कधी विचारलं नाही, त्यांच्या दारात तो कुठल्या तोंडानं नेऊ? आणि गुजरीत ठसा मारून घेतला, तर एवढी वर्षं विटकरीनं तिनं जे राखलं ते एका ठोक्यात जाईल.

वास्तुशांत झाली. नव्या देवघरात नवे टाक छान दिसतात. तो एक मी कोल्हापूरला माझ्या सासरी आणला आहे. आत्तीची चिंचेची वाटीही मागून आणली. पहिल्यांदा देवघरात ठेवताना सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. त्या कडक नाहीत, पण घरातल्या देवांच्या बाबतीत काटेकोर आहेत. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी तो टाक उजेडाला धरला.

"मंगल, हे कोण गं?"

शुक्रवार होता. मी म्हटलं, "अंबाबाई."

त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या, मग माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि टाक मधोमध ठेवून दूध घ्यायला खाली गेल्या. मी खोटं बोलले की खरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी ताट पुढं ओढलं, वाटीतली चिंच घेतली, विटकर घेतली नाही. पुढची बाजू कुठली ते कळेना, म्हणून दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं चोळला. घरात कुणी नव्हतं. "सुलोचना," मी म्हटलं, "जरा उजेडाकडं वळ बघू."