दोन बोटं ढगळ

मास्तरांच्या दुकानातून ढगळ कपडा बाहेर गेला, असं कुणी सांगितलं तर त्याला खुशाल थापाड्या म्हणावं. सगळं आयुष्य हा माणूस एकाच काचेच्या दारामागे शिवत बसलेला. एका बाजूला औषधाचं दुकान, दुसऱ्या बाजूला फोटो स्टुडिओ. गिऱ्हाईक पिशवी उचलून रस्त्याला लागलेलं असायचं आणि मास्तर चष्मा कपाळावर ढकलून मागे धावायचे. "साहेब, थांबा. डावी बाही अर्धं बोट खाली येतेय." साहेब म्हणायचे, चालतंय हो. मास्तर म्हणायचे, तुम्हाला चालतंय, मला नाही. आणि भर रस्त्यात त्याच्या अंगातला कोट उतरवून घ्यायचे. एकदा तर लग्नाला निघालेल्या नवरदेवाला त्यांनी कॉलरसाठी अडवून धरलं होतं, आणि घरची मंडळी बाहेर गाडीत बसून त्यांच्या नावानं बोटं मोडत होती.

त्यांची खरी कला झाकण्याची. एक खांदा उतरलेला, पाठीला बाक आलेला, पोट सुटलेलं, कसाही माणूस आत जावा आणि कोट घालून ताठ बाहेर यावा. अंगाचं उणं कपड्यात दिसता कामा नये, एवढं एकच त्यांचं तत्त्वज्ञान, आणि तेच त्यांनी लेकीला शिकवलं. लेक अंगानं बारीक आणि जिभेनं टोचरी, म्हणून लहानपणीच तिचं नाव पडलं टाचणी. लग्न करून गेली होती, परत आली. ती कथा निराळी, आणि ती तिला विचारायची कुणाची टाप नाही. बापाच्या समोरच्या मशीनवर ती बसायची. दोघं दिवसभर एकमेकांच्या चुका काढायची. प्रेमाचं दुसरं काही बोलणं त्या घरात नव्हतंच.

मग मास्तरांना घास अडकायला लागला. आधी त्यांनी दोष स्वयंपाकाला दिला, त्यावरून आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, जी त्या घरची चूल सांभाळायची, आठवडाभर रुसून बसली. नंतर पाणीही उतरेना, तेव्हा टाचणीनं त्यांना धरून दवाखान्यात नेलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. औषधं सुरू झाली. डॉक्टरबाई आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या होत्या. औषधांनी गाठ आक्रसतेय, ती आहे तेवढ्यात ऑपरेशन करून टाकू, म्हणाल्या. उशीर झाला आणि ती पुन्हा वाढली, तर मग हात लावता येणार नाही. आणि तारीख मिळायची ती पैसे भरल्यावर.

आता पैसे कुठून आणायचे? साठवलेले होते ते औषधांनीच गिळले होते. टाचणीनं आपलं नवं मशीन विकलं. आत्यानं न बोलता हातातल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि त्या रुसव्याचं नावही काढलं नाही. नातेवाइकांपैकी काहींनी दिले, काहींनी सल्ले दिले. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, असं म्हणतात ते काही उगाच नाही. "आभाळच फाटलंय काका," टाचणी शेजारच्या फोटोवाल्या काकांना म्हणाली, "मी शिंपीण असले तरी ठिगळ कुठं कुठं लावू?"

फोटोवाले काका म्हणजे मास्तरांचे रोजचे चहाचे भागीदार. त्यांनीच सुचवलं, की फोनवरून लोकांना मदत मागता येते. एक फोटो टाकायचा, चार ओळी लिहायच्या, हॉस्पिटलचा कागद जोडायचा. लोक देतात गं, काका म्हणाले, जग काही अगदीच बुडालेलं नाही.

मास्तरांनी ऐकलं आणि मान हलवली. "नाही. मी कुणापुढे हात पसरला नाही आजवर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाका नाहीतर उघडा बाबा, आत काही नाही," टाचणी म्हणाली. "मीच रिकामी केलीय ती."

मास्तरांसमोरचा चहा गार झाला. तसाही तो त्यांना गिळता येत नव्हता, नुसता वास घ्यायला घ्यायचे. शेवटी म्हणाले, "फोटो मात्र नीट निघाला पाहिजे."

इथंच सगळं फसलं. नीट म्हणजे काय, हे शिंप्याला विचारावं का कधी? मास्तरांनी कपाटातून राखाडी कोट काढला. टाचणीनं एकटीनं कापून शिवलेला पहिला कोट तो. त्या दिवशी मास्तरांनी तो आरशात पुढून मागून बघितला होता, नुसतं "हं" म्हणाले होते, आणि तेव्हापासून कुठल्याच समारंभाला दुसरा कोट घातला नव्हता. आता तो अंगात चढवला तर खांदे दोन बोटं खाली आले, आणि छातीशी आणखी एक माणूस मावेल एवढी जागा. मास्तर आरशासमोर उभे राहिले, आणि मग अंगात ताकद नसताना मशीनवर जाऊन बसले. टाचणीला हात लावू देईनात. थोडं शिवायचे, आडवे व्हायचे, परत उठून शिवायचे. पाठ आत घेतली, बगला आत घेतल्या, खांद्यात कापूस भरला.

"याला कुणीतरी सांगा रे," आत्या आतून म्हणाली, "आपण पैसे मागायला निघालोय, नवरी आणायला नाही."

टाचणी हसली खरी, पण नजर बापाच्या हातांवरून हलेना. ऑपरेशनचं नाव काढलं की गप्प बसणारा हा माणूस फोटोसाठी एवढा जीव का आटवतोय? तिला वाटलं, बाबांनी मनातून आवरायला घेतलंय. मागे राहायचा तो फोटो तरी चांगला असावा म्हणून ही सगळी खटपट आहे. हे ती कुणाला बोलली नाही.

काकांनी आपले सगळे दिवे लावले, गालाला जरा पावडर फासली, आणि फोटो असा निघाला की बघत राहावं. पडक्या गालांनाही त्या कॉलरनं सावरून धरलं होतं. लोकांनी फोनवर बदाम पाठवले, अंगठे पाठवले. वा मास्तर, कुणाच्या लग्नाला? मास्तर, वय उतरलं की तुमचं. पैसे म्हणाल तर औषधांच्या एका खेपेलाही पुरले नसते. जन्मभर लोकांच्या अंगाचं उणं झाकणाऱ्या माणसानं स्वतःचं आजारपणही बेमालूम झाकून टाकलं होतं.

त्यावर कडी केली ती बँकेतल्या साहेबांनी. उजवा खांदा उतरलेले हे साहेब मास्तरांचं फार जुनं गिऱ्हाईक. ते काळजीनं दुकानात आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "मास्तर, तुमच्या नावानं कुणी लबाड पैसे गोळा करतोय बघा. आजारी आहात म्हणे. तक्रार करून टाका."

मास्तर गल्ल्यामागे बसलेले होते, अंगात तोच आत घेतलेला कोट. "बघतो," एवढंच म्हणाले. त्यानंतर दिवसभर त्यांनी मशीनला हात लावला नाही.

डॉक्टरबाईंचा फोन आला, काय ठरलं म्हणून. टाचणी काकांकडे गेली. काका डोकं खाजवत म्हणाले, "राग मानू नकोस पोरी. बनियनवर, खाटेवर पडलेले असतात ना, तसा काढ. झोपेत काढ, त्यांना कळणार नाही. लोकांना दिसल्याशिवाय ते देत नाहीत."

दुपारी मास्तर डोळे मिटून पडले होते. बनियनमधून बरगड्या दिसत होत्या, तोंड अर्धवट उघडं. टाचणी दारात उभी राहिली, फोन वर केला आणि फोटो काढला. मग स्वयंपाकघरात जाऊन बघितला. त्यात तिचा बाप नव्हता. एक आजारी म्हातारा होता, कुणाचाही असता. तिनं तो पुसून टाकला आणि ओट्याला टेकून रडली. टाचणीला रडताना कुणी पाहिलेलं नाही, पण त्या दुपारी ती चांगली हमसून हमसून रडली.

मग तोंड धुतलं, कपाटातून राखाडी कोट काढला, खाटेजवळच्या स्टुलावर बसली आणि बारीक कात्रीनं उसवायला लागली. अस्तर सोडवलं, शिवणीच्या आत बघितलं आणि तिचा हात थांबला. आत घेतलेलं सगळं कापड तिथं तसंच होतं. कडेचा एक दोरासुद्धा कापलेला नव्हता. एवढं कापड आत ठेवलं की शिवण फुगते, मग ती बसवायला इस्त्री मारून मारून जीव जातो. कापून टाकलं असतं तर काम निम्मं झालं असतं. कोट पुन्हा सैल करायचा असेल तरच कुणी ही एवढी उठाठेव करतं.

"पाठ आधी उसव," खाटेवरून आवाज आला. मास्तर डोळे मिटूनच बोलत होते. "बगलेत दुहेरी टीप आहे. तिथं कापड धरून उसव, नाहीतर फाटेल."

टाचणी म्हणाली, "कापड कापलं नाहीत तुम्ही."

"कापायचं कशाला? आज आत घेतलंय, उद्या सोडावं लागेल."

"मला वाटलं होतं..."

"तुला काय वाटलं ते माहितीये मला." ते हातावर जोर देऊन उठून बसले. "तू दारात उभी होतीस तेव्हा मी जागाच होतो. कात्री इकडे आण. इतका वेळ लागतो का उसवायला?"

बापलेक मिळून कोट उसवत बसली. एक बाजू त्यानं, एक तिनं. मधे मास्तरांना धाप लागली तेव्हा तिनं पाठीमागे उशी लावली. खांद्यातला कापूस त्यांनी स्वतःच्या हातानं ओढून काढला. मग शिवणी जुन्या जागी आणल्या, अस्तर लावलं, आणि मास्तर म्हणाले, "फोटोवाल्याला सांग, पावडर नको. आणि ते सतरा दिवे नकोत."

स्टुडिओत ते खुर्चीवर बसले नाहीत, उभे राहिले. कोटाचा खांदा घसरला. चाळीस वर्षांच्या सवयीनं हात वर गेला, कापड चिमटीत धरलं, जागेवर आणलं. मग मास्तरांनी ते सोडून दिलं आणि हात खाली घेतला. जन्मात पहिल्यांदा हा माणूस चुकीच्या मापाच्या कपड्यात दुसऱ्यासमोर उभा होता. एरवी फोटो काढताना टवाळी केल्याशिवाय न राहणारे काका त्या दिवशी मागाहून चष्मा पुसत बसले होते.

फोटोखाली टाचणीनं फार काही लिहिलं नाही. हे माझे बाबा. हा कोट मी त्यांच्याच मापाचा शिवला होता. त्यांचं ऑपरेशन करायचं आहे.

अनोळखी लोकांनी फोटो बघितला, कुणी थोडं दिलं, कुणी पुढे गेले. त्यांना काय, म्हाताऱ्याच्या अंगात ढगळ कोट, त्यात नवल ते काय. पण ज्यांना मास्तरांनी कधीकाळी रस्त्यातून परत बोलावलं होतं, त्यांना एका नजरेत कळलं. मास्तरांच्या अंगावर, मास्तरांच्या, दोन बोटं उतरलेला खांदा. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच बँकेतले साहेब दारात उभे होते, मास्तरांनी शिवलेला जुना कोट घालून. "मी त्यांना तक्रार करा म्हणालो," ते टाचणीला म्हणाले. खिशातलं पाकीट त्यांनी गल्ल्यावर ठेवलं आणि तसेच वळले.

मग माणसं येत राहिली. शाळेच्या मोठ्या बाई आल्या, बसचा ड्रायव्हर आला, आणि तो नवरदेवही आला, ज्याची मुलं आता कॉलेजात आहेत. "तुमच्यापायी लग्नाला उशीर झाला होता," तो मास्तरांना म्हणाला, "बायको अजून ऐकवते. पण फोटोत कॉलर कशी बसलीय बघा." कुणी हातात दिलं, कुणी फोनवरून पाठवलं, आणि प्रत्येकानं आपल्या ओळखीतल्या चौघांना सांगितलं. मास्तर आत खाटेवर बसून सगळ्यांचे आवाज ऐकायचे. पहिले काही दिवस ते भिंतीकडे तोंड करायचे. मग आत्या ओरडली, "लोक तुला बघायला येतायत, भिंतीला नव्हे," तेव्हा वळले. हॉस्पिटलचे पैसे भरले गेले, तारीख मिळाली.

दवाखान्यात निघायच्या सकाळी त्यांनी तोच कोट मागितला. टाचणीनं सवयीनं तोंडात टाचण्या धरल्या आणि त्यांच्या मागे जाऊन पाठीचं कापड चिमटीत घेतलं. तिला वाटलं, निदान रस्त्यानं जाताना तरी नीट दिसावेत.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "आहे तेवढाच ठेव. मला तो भरायचाय."

तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. एक खाली पडली, ती आत्यानं शोधून दिली.

ऑपरेशन झालं. मास्तर उठले, पण पहिले मास्तर झाले नाहीत. एकावेळी चार घास खातात, तासानं पुन्हा चार. दुपारी दुकानात येऊन बसतात आणि टाचणीच्या चुका काढतात. अंगात तोच राखाडी कोट, आणि खांदा अजूनही एक बोट उतरलेला. नवं गिऱ्हाईक बघतं, मनात म्हणतं, हा कसला शिंपी. एखादं तोंडावरही बोलतं, की मास्तर, स्वतःचा कोट तेवढा बसवून घ्या की. मास्तर चष्मा कपाळावर ढकलतात, खांद्याचं कापड चिमटीत धरून लेकीला दाखवतात आणि म्हणतात, "दोन होती की नाही गं?"

"दोन होती," टाचणी मशीनवरून मान वर न करता म्हणते.