वैजू, यीस्ट आणि जुनी-नवी प्रत

वैजू गेली त्याला आज वर्ष झालं, आणि यीस्ट कशाला वाचायचं असतं हे मला अजून कळलेलं नाही.

वैजू माझी भाची. नागपूरच्या एका लॅबमध्ये पीएचडी करायची.

दोन हजार आठ-नऊ साल असेल. रविवारी बसने सेलूला माझ्याकडे आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "मामा, जुनी घेऊ का नवी?"

मला वाटलं, गाडी.

"गाडी नाई हो. जीनोम."

मग समजावत बसली. पाव फुगवतं ते यीस्ट. जीनोम म्हणजे त्याच्या पेशीत अक्षरांसारखा लिहिलेला सगळा मजकूर. मशीन तो अख्खा वाचत नाही, तुकडे तुकडे वाचतं. ते तुकडे एका पूर्ण प्रतीवर जुळवून बसवायचे. त्या प्रतीची आता नवी आवृत्ती आली होती. चुका सुधारलेल्या, मधेच कुठे अक्षरं वाढलेली, म्हणून पुढच्या जागा सरकलेल्या.

तिचं सगळं काम जुनीवर. नवी घेतली तर पहिल्यापासून, आणि फेलोशिप संपत आलेली.

मला आपली शाळेतली नदीची कविता आठवली. आमच्या वेळच्या पुस्तकात तिला एक कडवं जास्त होतं. पुढे मी मास्तर झालो तोवर ते गळलं होतं. मी "चौथं कडवं म्हणा" म्हणालो की पोरं भलतंच म्हणायची.

"जुनीच घे, बाई."

"तुमाले सारं जुनंच गोड लागते. काऊन, ते तर सांगा."

मी चहा ठेवायला उठलो.

"जाऊ द्या. कोणतीबी घेतली तरी वर लिहून ठेवा लागते, कोणती घेतली ते. नाईतर दुसऱ्याले आपला पत्ता सापडत नाई."

तिने नवी घेतली. सगळं पुन्हा केलं. फेलोशिप संपली, शेवटचे महिने ट्यूशन घेऊन काढले.

बरोबर केलं का? तेव्हाही कळलं नाही, आताही नाही.

काल ताई म्हणाली, "अबोल होती रे माही पोर."

संध्याकाळी वैजूच्या लॅबमधल्या मैत्रिणीचा फोन. "काका, तिच्याएवढं आमच्यात कोणीच बोलत नव्हतं."

दोघी खरं बोलतात. मी तुकडे घेऊन बसलोय, कुठे बसवू?

वर लिहायचं राहिलं, म्हणून इथे लिहितो. ही मामाची वैजू. चुका असतील. एखादं कडवं जास्तही असेल.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. ती दरवेळी हसून पाय मागे घ्यायची.

आज घेऊ नको, बाई.