पूर्ण मुदतीत एकदाही नाही

पास्कल लोपीस रोज सकाळी बरोबर नऊ वाजता जागेवर उभा राहायचा. एका हातात करक चहाचा कागदी कप, दुसऱ्या हातात आदल्या दिवशी तपासलेलं पान. घसा साफ करून, माझ्या काचेच्या केबिनकडे बघत तो वाचायला लागायचा. "ओहायोचे सभासद, दहा दिवस, पत्नीच्या आजारपणामुळे. कोणाची हरकत? नाही. मंजूर. टेनेसीचे सभासद, बेमुदत, आईच्या आजारपणामुळे. कोणाची हरकत? नाही. मंजूर." मग पान खाली ठेवून तो बसायचा आणि संध्याकाळपर्यंत मान वर करायचा नाही. हे वाचन माझ्यासाठी आहे, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. दीड वर्ष मी ते ऐकलं.

आमचं ऑफिस दुबईत, अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात, टायरच्या गोदामाच्या वर. जुन्या छापील कागदांचे फोटो परदेशातून येतात, कॉम्प्युटर ते वाचतो आणि त्याने जे चुकीचं वाचलं ते आमची माणसं दुरुस्त करतात. त्या वेळी आमच्याकडे अमेरिकेच्या संसदेचं काम आलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची एक मुदत, दोन वर्षांची, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. कोण काय बोललं, कोण कोणाच्या अंगावर धावून गेलं, कोणत्या दिवशी माणसं कमी पडली म्हणून कामकाज थांबलं, सगळं. त्याची सूची करायची जबाबदारी लोपीसवर होती आणि वेळेत काम बाहेर काढायची माझ्यावर.

लोपीस वसईचा. इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत चौघांबरोबर बेडस्पेस घेऊन राहायचा, पण शर्टाला कधी सुरकुती नसायची. अतिशय सभ्य माणूस. त्याच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "हरकत नसेल तर" अशी व्हायची. "हरकत नसेल तर एसी जरा कमी करतो." "हरकत नसेल तर आजचं लंच लवकर घेतो." ही सवय त्या कागदांनी लावली की आधीपासूनची होती, ते मला माहीत नाही. वर्षातून एकदा घरी जाऊन आला की प्रत्येकाच्या टेबलावर केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी ठेवायचा. आई स्वतः वाळवते, असं सांगायचा. माझ्याही टेबलावर ठेवायचा. मी ती शारजाला घरी न्यायचो आणि रस्त्यातल्या ट्रॅफिकमध्येच निम्मी संपवायचो.

मग त्याची आई घरात पडली. अर्धांगाचा झटका होता. लोपीसने रजेचा फॉर्म भरला, पंधरा दिवस, कारण आईचं आजारपण, आणि केबिनच्या दारात उभा राहिला.

"साहेब, हरकत नसेल तर आज रात्रीचं तिकीट बघतो."

"लोपीस, डिलिव्हरी वीक आहे. क्लायंट डोक्यावर बसलाय. तुमच्याशिवाय सूची कोण करणार?"

"तिकडे बसून करतो, लॅपटॉपवर."

"डेटा बाहेर नेता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. नेक्स्ट मंथ बघू या."

त्याच्या फॉर्मवर मी लिहिलं, 'नामंजूर. डिलिव्हरी वीक. पुढच्या महिन्यात बघू.' खाली सही केली. त्या क्षणी मला ते योग्य वाटलं होतं. चौथ्या दिवशी त्याची आई गेली. विमान पकडून पोचेपर्यंत लोक थांबणार नव्हते, म्हणून अंत्यविधी त्याने आमच्या पँट्रीत, मायक्रोवेव्हला टेकवलेल्या मोबाइलवर बघितला. आमच्याकडे तपासणीला असलेली शीतल त्याच्या शेजारी उभी होती. विधी संपल्यावर त्याने तोंड धुतलं आणि राहिलेली चाळीस पानं पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो पहिल्यांदा उभा राहिला.

मी त्याला थांबवू शकलो नाही. तो वाचत होता ते त्याचंच काम होतं. त्या काळी तिथे प्रत्येक सभासदाची रजा सभागृहात वाचली जायची, आणि कोणाचीही हरकत नसेल तरच मिळायची. एका माणसाने नाही म्हटलं की संपलं. लोपीसने ते मला एकदाच नीट समजावून सांगितलं, शाळेतल्या मास्तरांसारखं.

"साहेब, ही माणसं एकमेकांचा जीव घ्यायला टपलेली. चांदीवरून भांडतात, जकातीवरून भांडतात. समोरच्याचं काम अडावं म्हणून हजर असून गैरहजर राहतात. पण रजेला हरकत? पूर्ण मुदतीत एकदाही नाही."

"तुम्ही अजून निम्मी मुदतही वाचलेली नाही."

"वाचीन. रेकॉर्डमध्ये जाईल."

हे त्याचं दुसरं आवडतं वाक्य. कोणी उशिरा आलं, कोणी शिंकलं, मी कोणावर आवाज चढवला, की तो की-बोर्डवरून नजर न हलवता म्हणायचा, "रेकॉर्डमध्ये जाऊ दे." सगळे हसायचे. मी हसायचो नाही. घरी मी एकदा हे सांगितलं तर माझा चौदा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, जस्ट फायर हिम ना." बायको म्हणाली, "आधी त्याच्याशी बोल." बोलायचं म्हणजे माफी मागायची, आणि ती मला मागायची नव्हती. मी त्याऐवजी एक फॉर्म बनवला. यापुढे डिलिव्हरी वीकमध्ये कोणालाही रजा हवी असेल तर चारही सेक्शनच्या प्रमुखांनी 'माझी हरकत नाही' म्हणून सही करायची. या देशात प्रत्येक गोष्टीला एनओसी लागते, त्यात आणखी एक. रजा नाकारल्याचा दोष एकट्या माझ्यावर येऊ नये, एवढीच त्यामागची अक्कल होती. मालकांना फॉर्म फार आवडला. त्यांनी तो मलाही लागू केला.

सुकेळी त्या वर्षी आली नाहीत, पुढच्या वर्षीही नाहीत.

माझ्या वडिलांना पुण्यात दवाखान्यात हलवलं तो सोमवार होता. भावाचा फोन आला तेव्हा मी शारजाच्या जाममध्ये होतो. "दादा, बाबा तुझं नाव घेताहेत. आज निघ." ऑफिसात पोचल्या पोचल्या मी फॉर्म काढला. डिलिव्हरी वीक होता, आमच्याकडे दुसरा कुठला वीक असतो? तीन सेक्शनच्या सह्या दहा मिनिटांत झाल्या. शीतल आता तपासणीची प्रमुख होती, तिने तर वाचलंही नाही, नुसती सही केली आणि म्हणाली, "सर, यल्ला, तुम्ही पॅकिंगला लागा."

चौथी सही सूचीचा प्रमुख म्हणून लोपीसची; त्याने मात्र फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली. मग तो उठून उभा राहिला. नऊ वाजलेले नव्हते, हातात चहा नव्हता.

"शारजाचे सभासद," तो म्हणाला, "सात दिवस, वडिलांच्या आजारपणामुळे. कोणाची हरकत?"

त्याने एकेका चेहऱ्याकडे बघितलं, घाई न करता.

"माझी आहे," तो म्हणाला.

बसून त्याने सहीच्या जागी सुरेख अक्षरात लिहिलं, 'नामंजूर. डिलिव्हरी वीक. पुढच्या महिन्यात बघू.' आणि फॉर्म दोन्ही हातांनी मला परत दिला.

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत राहिला. शीतल रडकुंडीला येऊन म्हणाली, "लोपीस अंकल, असं नका ना करू." तो म्हणाला, "मी काय वेगळं केलं, बाळा? त्यांनी लिहिलं तेच लिहिलं." मालक अबुधाबीला मीटिंगमध्ये होते. संध्याकाळी फोनवर सापडले. "सबनीसजी, सिस्टम आपने बनाया है. मैं तोडूँगा तो सब तोडेंगे. उसको मनाओ, नहीं तो डिलिव्हरी के बाद." मी त्याला मनवायला गेलो नाही. हे मात्र खरं सांगतो. त्याच्या टेबलापर्यंत वीस पावलं होती, आणि ती मी चाललो नाही. फॉर्म फाडून तसाच विमानतळावर गेलो असतो तर फार तर नोकरी गेली असती, आणखी काही नाही. तेही केलं नाही. मंगळवारी सकाळी अकराला बाबा गेले. मग मात्र मालकांनी स्वतः तिकीट काढून दिलं. भावाने माझ्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबवलं होतं, म्हणून तोंड तेवढं बघायला मिळालं.

परत आलो त्या सकाळी नऊ वाजता मी केबिनमध्ये ताठ बसून राहिलो. लोपीस उभा राहिला नाही. त्या दिवसानंतर त्याने एकदाही वाचलं नाही. मला वाटलं होतं की ते बंद झालं तर बरं वाटेल. उलट नऊ वाजले की मी हातातलं काम थांबवून त्याच्या जागेकडे बघायचो. त्याचा हिशेब पुरा झाला होता आणि माझा सुरू झाला होता.

मी वाट बघितली. त्याचा व्हिसा रिन्यू व्हायला तीन महिने होते आणि मुदतीचे शेवटचे खंड तेवढ्यातच संपणार होते. मी ते सगळे त्याच्याकडून करून घेतले. कामात खोट काढायला जागा नव्हती. सूचीत एक ओळ इकडची तिकडे नाही, माझ्यावरचा राग एका पानावर सांडलेला नाही. शेवटचा खंड गेला त्या दिवशी मी त्याच्या रिन्यूअलच्या कागदावर 'आवश्यकता नाही' लिहिलं. मला त्या वेळी आनंद झाला होता, तो मी लपवत नाही.

त्याने कारण विचारलं नाही. शेवटच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून केबिनच्या दारात आला.

"हरकत नसेल तर आत येऊ?"

त्याने टेबलावर एक घडी घातलेला कागद ठेवला. त्याच्या आईच्या वेळचा रजेचा फॉर्म, खाली माझी सही. "हा तुमचा," तो म्हणाला. "त्यांची मुदत संपली, माझीही संपली. खलास."

"माझ्या वडिलांचं काय?" मी विचारलं. "ते कुठल्या रेकॉर्डमध्ये गेलं?"

त्याने तो कागद माझ्याकडे आणखी थोडा सरकवला. मग म्हणाला, "साहेब, दोन वर्षांची मुदत मी अक्षरन् अक्षर वाचली. रजेला हरकत पूर्ण मुदतीत एकदाही नाही. तुम्हाला एक जरी सापडली तर कळवा. मी स्वखर्चाने येईन आणि सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

मी त्या दिवसापासून शोधायला लागलो. पाचला ऑफिस सुटलं तरी शारजाचा रस्ता सातपर्यंत हलत नाही, तेवढा वेळ ऑफिसात थांबून वाचायला रोज मिळायचा. मला फक्त एक हरकत हवी होती. एक चिडका, दुष्ट, कामाने पिसाळलेला सभासद. त्या पानाचा फोटो काढून वसईला पाठवायचा आणि त्या माणसाला विमानात बसवून आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रजा मात्र खूप सापडल्या. आईचं आजारपण, मुलीचं आजारपण, भावाचा मृत्यू, स्वतःचा ताप. एका पानावर एक सभासद दुसऱ्याला खोटारडा म्हणतो आणि दोन पानांनंतर त्याच्याच घरात कोणीतरी आजारी म्हणून त्याच्यासाठी रजा मागतो. कोणाची हरकत नाही. मंजूर. मनातल्या मनात वाचायचो तरी मला ते लोपीसच्या आवाजात ऐकू यायचं.

आठ महिने लागले. परवा शेवटचं पान संपलं. सभासद एकमेकांचा निरोप घेतात, अध्यक्ष हातोडा आपटतात आणि मुदत संपते. मी गाडीत बसलो, रस्ता रिकामा झाला होता तरी गाडी सुरू केली नाही, आणि लोपीसला मेसेज पाठवला. 'सापडली नाही.'

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. नऊ वाजता.

'माहीत होतं. दोनच आहेत, साहेब. एक तुमची, एक माझी.'

मी ते दोनदा वाचलं. शीतलने काचेवर टकटक केली आणि विचारलं, "सर, काही झालं का?" मी मान हलवली. त्याचा फॉर्म माझ्या खणात होता, माझाही होता. मी दोन्ही बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवले. लोपीसने शब्द तर माझेच उतरवले होते, पण आता अक्षरही सारखंच दिसत होतं.